बावीस पूर्णांक तीन

जानेवारी २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक पान छापून आलं. शोधनिबंध म्हणावा इतकंही ते मोठं नाही. एक फोटो आणि त्याखाली परिच्छेदभर मजकूर, बस. फोटोत दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांच्या आडनावाचं इंग्रजी आद्याक्षर वाय, म्हणून शीर्षक 'द वाय-वाय पॅरडॉक्स'. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. म्हणजे कुठल्याही तक्त्यात दोघं एकाच हिरव्या चौकटीत बसणार. पण विशिष्ट प्रकारच्या एक्स-रेने शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची भरते ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त.

खालच्या मजकुरात एक विनोदही आहे. युडकिन मॅरेथॉन पळतात आणि याज्ञिक सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठायला पळतात, अशा अर्थाचा.

हे पान मी पहिल्यांदा वाचलं ते नगरच्या एका दवाखान्यात, रात्री अडीचला, मोबाइलवर. समोरच्या खाटेवर अण्णा झोपले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या डाव्या पायाची करंगळी काढायची होती. मला विनोदाचं हसू आलं नाही. पण त्या पानाने मला जे सांगितलं, ते त्याआधी सात महिने माझ्या फोनमधल्या ॲपने सांगितलं नव्हतं. म्हणून त्या पानाबद्दल आणि त्या आकड्याबद्दल लिहितोय.

माझा आकडा

आधी माझं सांगतो. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. उंची १७२ सेंटीमीटर. कंपनीच्या वार्षिक तपासणीत वजन निघालं ७८ किलो. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, की बीएमआय मिळतो. माझा आला २६.४. रिपोर्टवर लाल अक्षरात 'ओव्हरवेट'. त्याच आठवड्यात एक ॲप घेतलं. त्याने उंची विचारली, वजन विचारलं आणि दोन सेकंदांत ध्येय ठरवून दिलं: बीएमआय २२.९, म्हणजे ६७.७ किलो. कंबर किती, घरात कुणाला शुगर आहे का, बसून काम करतोस की उभ्याने, यातलं काहीही न विचारता.

मी इंजिनिअर आहे. ध्येय आकड्यात मिळालं की मला बरं वाटतं. सप्टेंबर ते एप्रिल मी पोळ्या मोजल्या, रात्रीचं जेवण सोडलं, रोज पळालो. डाळ-अंडी वाढवायची, वजनं उचलायची असं ॲपने सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही. एप्रिलमध्ये काटा ६७.५ वर आला. ॲपवर हिरवा रंग, फटाके, 'अभिनंदन'. मी स्क्रीनशॉट स्टेटसला टाकला.

त्याच आठवड्यात कांदे काढायला गावी गेलो. आमचं गाव पारनेर तालुक्यात. दरवर्षी पन्नास किलोची गोणी मी ट्रॉलीत टाकतो. या वेळी गुडघ्यापर्यंत उचलली आणि खाली ठेवली. कंबर मोजली तर ९१ सेंटीमीटर. सात महिन्यांपूर्वी ९५ होती. साडेदहा किलो गेले आणि कंबर चारच सेंटीमीटर कमी झाली. मग गेलं काय? त्यात दंड आणि मांड्याही होत्या, हे कळायला मला ती गोणी लागली.

अण्णांचा आकडा

गोणी माझ्या हातून अण्णांनी घेतली. उचलताना लंगडले. "काही नाही, बाभळीचा काटा मोडलाय," म्हणाले. काटा फेब्रुवारीत मोडला होता. जखम एप्रिलमध्येही ओली होती, आणि त्यांना ती दुखतही नव्हती. न दुखणं हेच लक्षण होतं, हे मला नंतर कळलं.

अण्णांची उंची १६६ सेंटीमीटर आणि वजन ६० किलो. बीएमआय २१.८. गावात त्यांना सगळे काटक म्हणतात. दोन वर्षांपूर्वी गावात एक आरोग्य शिबिर झालं होतं. पहिल्या टेबलावर वजन-उंची, दुसऱ्यावर शुगर. शुगर तपासायच्या पट्ट्या मोजक्या होत्या, म्हणून ज्यांचा बीएमआय पंचवीसच्या वर त्यांनाच दुसऱ्या टेबलावर पाठवत होते. अण्णांच्या कागदावर 'नॉर्मल' लिहिलं आणि त्यांना घरी पाठवलं. तो कागद त्यांनी कौतुकाने देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला होता. दवाखान्यात तपासलं तेव्हा उपाशीपोटी शुगर २६० आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी १०.८. डॉक्टर म्हणाले, हे काल-परवाचं नाही, चार-पाच वर्षांपासून असणार.

त्या टेबलावरच्या पोराला मी दोष देत नाही. त्याला एक अट दिली होती, ती त्याने पाळली. मी तो प्रोग्रॅम लिहिला असता तर तीच अट लिहिली असती. वाईट याचंच वाटतं.

हा आकडा आला कुठून

बीएमआयचं मूळ सूत्र कुठल्याही डॉक्टरचं नाही. ते अडॉल्फ केटले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाचं. १८३०च्या दशकात त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचं होतं. मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, एवढं त्याच्या लक्षात आलं. लठ्ठपणा, रोग, आहार हे त्याचे विषयच नव्हते.

पुढे सव्वाशेहून जास्त वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकन शास्त्रज्ञ अँसल कीज आणि सहकाऱ्यांनी या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. त्यांनी अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका इथल्या सुमारे ७,४०० पुरुषांची मापं वापरली. सगळे पुरुष. बाई एकही नाही आणि भारतीय गटही नाही. उंची-वजनाची तेव्हा जी सूत्रं वापरात होती, त्यांत हे सोपं आणि इतरांइतकंच चालणारं आहे, असा त्यांचा माफक दावा होता. एकट्या माणसाने याच्यावरून वजनाचं ध्येय ठरवावं, असं त्या निबंधाचं म्हणणं नव्हतं.

२५ आणि ३० या सीमारेषा पुढे जागतिक आरोग्य संघटनेने रूढ केल्या. आशियातल्या लोकांना कमी बीएमआयवरही मधुमेह आणि हृदयरोग होतो, हे दिसल्यावर २००४ मध्ये संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियासाठी २३ आणि २७.५ हे सावधानतेचे टप्पे सुचवले. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी रेषा आणखी खाली आणली: २३ पासून वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा. माझ्या ॲपमधला २२.९ तिथलाच. शिबिरातला पंचवीस मात्र जुन्या रेषेचा. म्हणजे एकाच घरात बापाला एक तक्ता लागला आणि मुलाला दुसरा. आणि खरी मेख पुढेच आहे. रेषा २३ वर आणली असती, तरी २१.८ वाले अण्णा सुटलेच असते.

सारखा हॅश, वेगळी फाइल

आमच्या धंद्यात हॅश नावाची गोष्ट असते. कितीही मोठी फाइल द्या, तिच्यातून एक छोटा आकडा निघतो. कधीकधी दोन अगदी वेगळ्या फाइल्सचा हॅश सारखाच येतो. त्याला कोलिजन म्हणतात. आकड्यावरून मूळ फाइल परत मिळत नसते. याज्ञिक-युडकिन फोटो म्हणजे असं कोलिजन पुराव्यासकट छापलेलं आहे. उंची आणि वजन या दोनच गोष्टी आत गेल्या. स्नायू किती, चरबी किती, ती कातडीखाली आहे की पोटात यकृताभोवती, हे सगळं त्या भागाकारात पुसून गेलं. ते बाहेर येणार कसं?

दुसरी गोष्टही आमच्याच धंद्यातली. एकदा टीमला सांगितलं गेलं की कोड कव्हरेज ऐंशी टक्के पाहिजे. महिन्याभरात झालं ऐंशी. कसं? आम्ही अशा टेस्ट लिहिल्या की कोड नुसता चालायचा, तपासलं काहीच जात नव्हतं. १९७५ मध्ये चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने अर्थव्यवहाराबद्दल जे म्हटलं होतं, त्याचा आज प्रचलित असलेला अर्थ असा की मोजमापालाच ध्येय केलं की ते मोजमाप कामाचं राहत नाही. मी सात महिने स्वतःच्या अंगावर हेच केलं. आकडा हिरवा करायचा सर्वात स्वस्त रस्ता कोणता? स्नायू गेले तरी चालतात, पाणी गेलं तरी चालतं, काट्याला काय कळतंय.

फोटोत नसलेली माणसं

आता त्या पानाकडे परत येतो. पान ग्रेट आहे. पाठ्यपुस्तकाला जे वीस पानांत जमणार नाही, ते एका फोटोत झालंय. आणि स्वतः याज्ञिकांनी स्वतःच्या पोटाचा पुरावा जगापुढे मांडलाय, यात एक मोकळेपणा आहे जो आपल्याकडच्या मोठ्या डॉक्टरांत क्वचित दिसतो.

पण तो लिफ्टचा विनोद मला खटकतो. वाचणाऱ्याच्या डोक्यात विनोदच राहतो: एक पळतो, एक पळत नाही, म्हणून चरबी. दोष माणसाच्या आळसाचा. त्याच मजकुरात पुढे याज्ञिकांचं जन्मतःचं वजन कमी होतं आणि आईच्या पोटातल्या कुपोषणाशी याचा संबंध असू शकतो, असं म्हटलंय. महत्त्वाचं वाक्य ते आहे. अण्णांनी आयुष्यात लिफ्ट गाठायला पळापळ केली नाही. पहाटे पाचला दारं धरायला जाणाऱ्या माणसाला तुम्ही 'व्यायाम वाढवा' काय सांगणार?

त्या वाक्यामागे मोठं काम उभं आहे, आणि ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यात झालंय. १९९३ पासून याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांची गरोदर होण्याआधीपासून मापं घेतली. या बायकांचं सरासरी वजन होतं सुमारे ४२ किलो, बीएमआय १८ च्या आसपास. त्यांची बाळं जन्मली सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं होती साडेतीन किलोची. अपेक्षा अशी की लहान बाळात सगळंच कमी असेल. स्नायू कमी होते, पोटातले अवयवही लहान होते. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजतात ती चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. २००३ मध्ये हा निबंध आला आणि 'थिन-फॅट इंडियन बेबी' हा शब्दप्रयोग जगभर गेला. दिसायला बारीक, आतून चरबीचं.

लॅन्सेटच्या फोटोत दोन डॉक्टर आहेत. ज्या ४२ किलोच्या बायकांच्या शरीरावरून ही गोष्ट कळली, त्यांच्यातली एकही त्यात नाही. टीकाच करायची तर मी ही करेन.

बहात्तर

आजीला दवाखान्यात आणलं नव्हतं. करंगळी काढल्यानंतर आठवड्याने घरी आलो तेव्हा मी तिला विचारलं, अण्णा जन्माला आले तेव्हा कसे होते?

"एवढंसं होतं," तिने तळहात दाखवला. "बहात्तरच्या दुष्काळातलं. मी सातव्या महिन्यापर्यंत खडी फोडायला जात व्हते. मिलो खायचो, लाल. पोरांना सुकडी मिळायची, ती कधी मी बी खायची."

वजन किती होतं? आजी हसली. "वजन कशाला करतंय कोन? काटा व्हता तो बाजाराला न्यायच्या धान्याचा."

१९७२. त्याच वर्षी अमेरिकेत कीज बीएमआयला नाव देत होते आणि पारनेरच्या माळावर आजी खडी फोडत होती. अण्णांची शुगर त्या दुष्काळामुळेच, असं मी म्हणणार नाही. एका माणसाबद्दल असं सिद्ध करता येत नाही आणि पुण्याचा अभ्यासही तसं सांगत नाही. पण ज्या प्रश्नाची अण्णांना गरज होती, तो 'वजन किती' हा नव्हता. 'जन्मलात कधी, आई काय खात होती, घरात आणखी कुणाला आहे' हे प्रश्न होते. त्यांना पट्टी लागत नाही, काटाही लागत नाही.

तब्येत

यात एकटा बीएमआय आरोपी नाही. आपली भाषाही तेच करते. मराठीत 'तब्येत' म्हणजे आरोग्यही आणि अंगावरचं मांसही. 'तब्येत सुधारली' म्हणजे वजन वाढलं. मी ६७.५ किलोवर घरी गेलो तेव्हा आई म्हणाली, "किती उतरलास रे, बरं नाही का?" जाड असेल तर खात्यापित्या घरचा. बारीक असेल आणि शेतात राबत असेल तर काटक, म्हणजे त्याला काही होणार नाही. अण्णांना शिबिराने 'नॉर्मल' म्हटलं, त्याच्या आधी तीस वर्षं गावाने 'काटक' म्हटलं होतं. दोघांनीही बघितलं बाहेरूनच. गावात शुगर हा आजही 'बसून खाणाऱ्यांचा' आजार आहे. जिल्ह्यात एवढे साखर कारखाने आहेत, पण साखर रक्तात गेली की ती शहरातली.

मग फेकून द्यायचा का

नाही. इथे मला रागाच्या भरात लिहिलेल्या अर्ध्या इंटरनेटशी वाद घालावासा वाटतो. बीएमआय थोतांड आहे असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. काटा आणि भिंतीवरची पट्टी एवढ्यावर तो निघतो. हजारो माणसांची दिशा त्यातून कळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात साधारण दर पाच महिलांमागे एकीचा बीएमआय १८.५ च्या खाली होता आणि जवळपास तितक्याच, किंबहुना थोड्या जास्त महिलांचा २५ किंवा त्याच्या वर. एकाच राज्यात दोन्ही टोकं. हे चित्र आपल्याला बीएमआयनेच दाखवलं. याज्ञिकांचा फोटोसुद्धा बीएमआय मोजल्याशिवाय काढता आला नसता.

वजन कमी करणं निरुपयोगी, असंही नाही. ब्रिटनमधल्या न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांच्या गटाने २०२३ मध्ये एक छोटा अभ्यास छापला. टाइप-टू मधुमेह असलेले, पण बीएमआय २७ च्या आत असलेले वीस जण. वजन टप्प्याटप्प्याने कमी केल्यावर त्यातल्या चौदा जणांचा मधुमेह औषधाशिवाय आटोक्यात आला. वीसच माणसं आहेत, त्यामुळे फार ताणू नये. पण त्यामागची कल्पना पटते: प्रत्येक शरीराची चरबी साठवायची आपली एक मर्यादा असते आणि ती तक्त्यात लिहिलेली नसते. कुणाची ३२ ला ओलांडली जाते, कुणाची २२ ला. म्हणजे 'नॉर्मल' बीएमआयवाल्यालाही वजन उतरवून फायदा होऊ शकतो आणि 'ओव्हरवेट'वाल्याला २२.९ पर्यंत जायची गरज नसू शकते. थांबायचं कुठे, हे बीएमआय सांगू शकत नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्याच एका आंतरराष्ट्रीय आयोगाने सांगितलं की एकट्या बीएमआयवरून लठ्ठपणाचं निदान करू नका, कंबरेसारखं दुसरं माप जोडा आणि अवयवांवर काय परिणाम झालाय ते बघा. फोटोनंतर एकवीस वर्षांनी.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. बीएमआय दारावरची बेल म्हणून ठेवा. वाजली तर उठून बघा. वाजली नाही म्हणून दारात कुणी नाही असं समजू नका. आणि बेल बंद पाडणं हे तर ध्येय असूच नये.

ध्येय हवंच असेल, तर शिंप्याची टेप घ्या. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत, बाईची ८० च्या आत. घरात कुणाला शुगर असेल तर बारीक असलात तरी तपासून घ्या, विशीत असलात तरी. आणि वजन कमी करताय तर काही उचलता येतंय का तेही बघत जा.

आमच्या घरी आता कॅलेंडरच्या खिळ्याला टेप लटकवलेली असते. अण्णांची शुगर गोळ्या आणि खाण्यातल्या बदलाने बरीच खाली आली आहे. ज्या वहीत कांद्याचे भाव लिहायचे, तिच्यातच मागच्या पानापासून ते शुगरचे आकडे लिहितात. पायाला रोज रात्री बॅटरी लावून बघतात, कारण तिथलं दुखणं त्यांना कळत नाही.

मी गेल्या वर्षभरात जेवायला लागलो, वजनं उचलायला लागलो. वजन ७० झालं, कंबर ८७ वर आली. बीएमआय २३.७, म्हणजे ॲप परत पिवळं. या एप्रिलमध्ये गोणी एका दमात ट्रॉलीत गेली. अण्णांना फोनवरचा पिवळा रंग दाखवला तर त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला.

"मग तू आजारी का बरा?"

"बरा."

"आन मी तेव्हा हिरवा व्हतो?"

"हो. तुम्ही हिरवे होता."

त्यांनी फोन परत दिला आणि दुसरी गोणी शिवायला घेतली. देव्हाऱ्याच्या फळीवरचा शिबिराचा कागद अजून तिथेच आहे. मी काढणार होतो, पण आजी म्हणाली, राहू दे, त्यावर सही-शिक्का आहे.